घर बदललं, पण पत्ता बदलला का?



गेल्या वर्षी जूनमध्ये चौथीच्या मुलांना मी सांगितलं, “उद्या वहीत आपापला पूर्ण पत्ता लिहून आणा.” दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना गंमत वाटली. कुणी नुसतं ‘रंकाळ्याजवळ’ लिहिलं होतं, कुणी ‘तालमीच्या मागं’, तर एकानं ‘आजीच्या घराशेजारी’. एक मुलगी मात्र कोरी वही घेऊन उभी होती. म्हणाली, “बाई, आम्ही मे महिन्यात घर बदललं. आधार कार्डावर हाय तो पत्ता लिहू, का आता राहतो तो?”

मी पटकन म्हटलं, “आता राहतो तो.” तास पुढं गेला. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण त्याच मे महिन्यात आम्हीही शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सोडून पाचगावला राहायला गेलो होतो. मी आधारवरचा पत्ता तेवढा बदलून घेतला होता आणि आपलं काम झालं असं समजून निवांत होते.

दोन महिन्यांनी एका सहकारी शिक्षकांचा फोन आला. ते आमच्या जुन्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. म्हणाले, “मॅडम, तुमच्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी हाय की ओ. शेजारी म्हणतात, ते गेले सोडून. तुमचं नाव स्थलांतरित म्हणून लिहू काय?”

मी स्वतः बीएलओचं काम करते. दारोदार फिरून लोकांना “पत्ता बदलला असेल तर फॉर्म भरा” असं सांगते. आणि माझंच नाव जुन्या यादीत! ते सर ओळखीचे होते म्हणून फोन तरी आला. ओळखीचे नसते तर नाव वगळण्याची नोटीस निघाली असती, ती जुन्या घरी गेली असती आणि मला कळलं असतं थेट मतदानाच्या दिवशी, केंद्रावर.

त्या दिवशी घरी येऊन मी कागद घेतला आणि आपला पत्ता कुठंकुठं लिहिलेला आहे याची यादी केली. वीसच्या वर नोंदी निघाल्या. तीच यादी, नीट क्रम लावून, आजच्या लेखात देत आहे.

पत्ता एकाच वहीत नसतो

आपल्याकडं एक समज पक्का आहे: आधार कार्डावरचा पत्ता बदलला म्हणजे सगळीकडं बदलला. तसं होत नाही. शाळेचंच उदाहरण घ्या. मुलाचा पत्ता जनरल रजिस्टरमध्ये असतो, ऑनलाइन नोंदीत असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जात असतो आणि वर्गशिक्षकांच्या वहीत असतो. एका ठिकाणी दुरुस्ती केली म्हणून बाकीच्या वह्या आपोआप बदलत नाहीत. बँक, गॅस एजन्सी, आरटीओ, विमा कंपनी, पुरवठा कार्यालय, निवडणूक कार्यालय या प्रत्येकाची वही वेगळी आहे. आधार हा पुरावा म्हणून दाखवता येतो, पण दाखवायला आपल्यालाच जावं लागतं.

दुसरी गोष्ट अशी, की जुनी नोंद गप्प बसत नाही. तिच्यावर पत्रं जात राहतात. विम्याच्या हप्त्याची आठवण, बँकेचं नवं एटीएम कार्ड, न्यायालयाचं समन्स, यादीतून नाव काढण्याची नोटीस. यातल्या बऱ्याच पत्रांना मुदत असते. पत्र आपल्याला मिळालं नाही तरी मुदत संपायची थांबत नाही.

आधी पत्ता लिहायला शिकू

हसू नका, सगळ्यात जास्त अर्ज इथंच अडकतात. घराची खूण सांगायला तालीम, देऊळ, चौक ठीक आहे. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. पण कागदावर घर क्रमांक लागतो. कोल्हापूर शहरात जुन्या पेठा ए, बी, सी, डी वॉर्डात येतात, तर शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क हा भाग ई वॉर्डात. त्यामुळं वॉर्डाचं अक्षर आणि घर क्रमांक दोन्ही लिहावं. हे दोन्ही घरफाळ्याच्या पावतीवर सापडतं. पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडीसारख्या गावांत ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक, नाहीतर गट नंबर आणि प्लॉट नंबर लिहावा.

मग येतो पिन कोड. हा मुलांना जरूर शिकवा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला आणि तो तयार करण्याचं श्रेय जातं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाला. ते दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा, न लागणारं अक्षर, या सगळ्यांतून पत्राला वाट सापडावी म्हणून हे सहा अंक. राजारामपुरीचा ४१६००८ घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. ४१ हा त्यातला उपविभाग. ४१६ हा टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा. शेवटचे ००८ म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस. राजारामपुरीतून सागरमाळाकडं किंवा विद्यापीठाच्या बाजूला गेलात तर शेवटचे अंक बदलू शकतात. शिवाजी विद्यापीठाचा पिन ४१६००४ आहे. घर एक-दोन किलोमीटरच सरकलं तरी पिन तोच असेल असं धरून चालू नका, पोस्टात विचारा.

नवा पत्ता एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत कागदावर लिहून काढा आणि सगळीकडं अगदी तसाच लिहा. एका अर्जात ‘प्लॉट नं. १२’ आणि दुसऱ्यात ‘१२, अमुक कॉलनी’ असं लिहिलं, की तपासणारा दोन पत्ते समजतो.

पहिली पायरी: नव्या घराचा पुरावा

पत्ता बदलण्यासाठी पुरावा लागतो आणि पुराव्यावर नवा पत्ता लागतो. अंडं आधी की कोंबडी आधी, तशी ही गत. त्यामुळं सुरुवात कशानं करायची ते महत्त्वाचं.

भाड्यानं राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हा तुमचा पहिला पुरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला करार बऱ्याच ठिकाणी चालत नाही. वीज बिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. घरमालकाला संकोच न करता सांगा, “काका, करार रजिस्टर करूया, मुलांच्या शाळेला लागतो.” अनामत देण्याआधीच हे बोलून घ्यावं.

घर विकत घेतलं असेल तर महावितरणकडं वीज मीटर आपल्या नावावर करून घ्या आणि घरफाळ्याला नाव लावा. नव्या नावाचं पहिलं बिल हातात आलं, की पुढची बरीच कामं सोपी होतात. पुरावा म्हणून बिल मात्र ताजं लागतं, आधारसाठी ते तीन महिन्यांच्या आतलं असावं.

दुसरी पायरी: आधार

आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर मायआधार पोर्टलवर ओटीपी टाकून घरबसल्या पत्ता बदलता येतो. कागद स्कॅन करून चढवायचा, शुल्क भरायचं आणि मिळालेला अर्ज क्रमांक जपून ठेवायचा. मोबाइल जोडलेला नसेल किंवा नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर जोडा. अडचण आल्यास १९४७ या क्रमांकावर विचारता येतं.

घरातल्या एकाच्याच नावावर पुरावा असतो, मग बाकीच्यांनी काय करायचं? यासाठी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलण्याची सोय आहे. आधी एकानं आपला पत्ता बदलायचा. मग पत्नी, मुलं, आई-वडील यांनी नातं दाखवणारा कागद जोडून अर्ज करायचा. कुटुंबप्रमुखाला पोर्टलवर विनंती येते, ती ३० दिवसांत मान्य करावी लागते. हे मान्य करायचंच लोक विसरतात आणि अर्ज बाद होतो.

कुठलाच पुरावा नसेल तर आधारचा ठरावीक नमुन्यातला दाखला असतो. तो नगरसेवक, आमदार, वर्ग एकचे राजपत्रित अधिकारी, गावात सरपंच किंवा ग्रामसेवक देऊ शकतात. हा दाखला तीन महिने चालतो.

मूल पाच किंवा पंधरा वर्षांचं झालं असेल तर त्याचे ठसे आणि फोटो तसेही नव्यानं द्यावे लागतात. त्याच खेपेत पत्ताही बदलून घ्या, एक हेलपाटा वाचतो.

तिसरी पायरी: मतदार यादी

इथं माझ्यासारखी चूक करू नका. मतदार यादी ही राहत्या जागेप्रमाणं असते. शिवाजी पेठ कोल्हापूर उत्तर मतदारसंघात येते आणि पाचगाव कोल्हापूर दक्षिणमध्ये. अंतर थोडंसं, पण यादी वेगळी, उमेदवार वेगळे. शिवाय शहराची हद्द ओलांडली म्हणजे महापालिकेचं मतदान संपलं आणि ग्रामपंचायतीचं सुरू झालं.

पत्ता बदलल्यावर फॉर्म ८ भरायचा. मतदारसंघ तोच असो वा बदललेला, फॉर्म हाच. बरेच जण फॉर्म ६ भरतात. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. तो भरला की जुन्या यादीत एक आणि नव्यात एक, अशी दोन नावं होण्याचा धोका असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० नुसार एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असता येत नाही. फॉर्म ऑनलाइन भरता येतो किंवा बीएलओकडं देता येतो. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. कायद्याचं वर्ष आणि फोनचा क्रमांक एकच, लक्षात ठेवायला सोपं.

बीएलओ म्हणून एक विनंती. आम्ही घरी येतो तेव्हा शेजाऱ्यांबद्दल विचारलं तर “गेले कुठंतरी” एवढंच सांगू नका. फोन नंबर माहीत असेल तर त्यांना कळवा, की नाव हलवून घ्या.

चौथी पायरी: पैशाची खाती

बँकेत पत्ता बदलणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणं बाकी माहिती तीच असेल आणि फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकानं स्वतः लिहून दिलेलं घोषणापत्र बँकेनं घ्यायचं असतं. नंतर दोन महिन्यांच्या आत बँक त्या पत्त्याची खात्री करते, कधी पत्र पाठवून, कधी माणूस पाठवून. सहकारी बँकेत, पतसंस्थेत, पोस्टातही खातं असेल तर तिथंही स्वतंत्रपणे सांगावं लागतं. एका बँकेला कळवलं म्हणून दुसरीला कळत नाही.

आयुर्विमा, आरोग्य विमा, वाहन विमा, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी यांचीही यादी करा. पॅन कार्डावर पत्ता छापलेला नसतो, म्हणून ते आपण विसरतो. पण आयकर खात्याच्या नोंदीत पत्ता असतो, तो तिथं बदलून घ्यावा.

आता सावध राहण्याची गोष्ट. घर बदलण्याच्या गडबडीत “तुमची केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खातं बंद होईल, लिंक उघडा” असा संदेश आला तर तो खरा वाटतो, कारण पत्ता बदलायचा राहिलाय हे आपल्या मनात असतंच. अशी लिंक उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. शंका आली तर सरळ शाखेत जा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. घरातल्या आजी-आजोबांना हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पाचवी पायरी: गॅस, रेशन, गाडी

गॅस: त्याच वितरकाच्या भागात घर बदललं असेल तर नुसता पत्ता बदलायचा. त्याच शहरात वितरक बदलत असेल तर कनेक्शन हस्तांतरित होतं, सिलिंडर परत करावा लागत नाही. पण कोल्हापूरहून पुणे, मुंबईला जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणि अनामत रक्कम परत घ्यायची. ते व्हाउचर दाखवून नव्या गावात पुन्हा जोडणी मिळते. सिलिंडर ओळखीच्याला देऊन जाऊ नका. कागदावर जबाबदारी तुमचीच राहते.

रेशन: ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळं अंगठा लावून दुसऱ्या दुकानातूनही धान्य घेता येतं, त्यामुळं घर बदलल्याबरोबर धान्य बंद होईल अशी भीती नको. तरी कायमचं राहायला गेल्यावर पुरवठा कार्यालयात पत्ता बदलून घ्या आणि घरातली नवी नावं त्याच वेळी चढवा.

गाडी: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४९ प्रमाणं पत्ता बदलल्यावर ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आपल्याकडं आरटीओला, कळवावं लागतं. लायसन्स आणि आरसी ही दोन वेगळी कामं आहेत. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची संमती लागते.

पासपोर्ट: त्यात नुसता पत्ता खोडून बदलता येत नाही, पासपोर्ट नव्यानं काढावा लागतो. पोलीस पडताळणी नव्या पत्त्यावर होऊ शकते. म्हणून आधार आणि बाकीचे कागद आधी, पासपोर्ट शेवटी.

सहावी पायरी: मुलांची शाळा

पालक घर बदलतात आणि शाळेत सांगत नाहीत. मूल आजारी पडलं, पावसात पंचगंगेचं पाणी वाढलं आणि शाळा लवकर सोडायची झाली, तर आम्ही निरोप द्यायचा कुणाला? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांनी हे काम केलं, त्या शिक्षकांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही. पत्ता आणि चालू मोबाइल नंबर दोन्ही लेखी द्या.

शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर पत्ता फार महत्त्वाचा. घरापासून शाळेचं अंतर बघितलं जातं, १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य असतं. भाडेकरूंना नोंदणीकृत करार द्यावा लागतो. पडताळणीत पत्ता खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो. म्हणून जवळच्या शाळेसाठी मावशीचा पत्ता देण्याच्या फंदात पडू नका. नुकसान मुलाचं होतं.

जुन्या घरातून निघताना

जुन्या भागाच्या पोस्ट ऑफिसात अर्ज दिला तर ठरावीक काळापर्यंत पत्रं नव्या पत्त्यावर वळवतात. पोस्टमनला प्रत्यक्ष भेटून सांगितलं तर आणखी चांगलं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळं जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, “आमच्या नावानं स्पीड पोस्ट आलं तर परत पाठवायच्या आधी एक फोन करा.” आणि तुमच्या नव्या घरी आधीच्या लोकांची पत्रं आली तर तीही फेकू नका.

जुना मोबाइल नंबर निदान सगळी कामं होईपर्यंत बंद करू नका. सगळे ओटीपी त्याच्यावरच येतात.

वर्गासाठी उपक्रम

हा पाठ मी वर्गात असा घेतला. प्रत्येक मुलाला पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड दिलं. त्यावर स्वतःचाच आत्ताचा पूर्ण पत्ता लिहायचा आणि मागं घरच्यांना चार ओळींचं पत्र. मग सगळे रांगेनं जाऊन लाल पेटीत कार्डं टाकून आलो. काही मुलांनी टपालपेटी पहिल्यांदाच जवळून बघितली.

दहा दिवसांत बहुतेकांची कार्डं घरी पोचली. दोघांची नाही आली. वह्या काढून बघितल्या तर दोघांनीही जुन्या भागाचा पिन कोड लिहिला होता. फळ्यावर तो चुकलेला पिन लिहून आम्ही पुन्हा एकदा सहा अंकांचा अर्थ लावला. यापेक्षा चांगला पाठ मला घेता आला नसता.

कोरी वही आणणाऱ्या मुलीचं कार्ड पोचलं. तिची आई पालक सभेला ते घेऊनच आली होती. म्हणाली, “बाई, नव्या घरात आलेलं हे पहिलंच पत्र.” मग हळूच विचारलं, “ते आधारचं कसं करायचं, जरा सांगता काय?” पिशवीत तिनं भाडेकरार आणला होता. नोटरीचा होता, रजिस्टर नव्हता. मी तिला पहिल्या पायरीपासून सगळं लिहून दिलं आणि घरमालकांशी काय बोलायचं तेही सांगितलं.

तुम्हीही नवीन घरात गेला असाल तर आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या आणि आपला पत्ता कुठंकुठं लिहिलेला आहे ते घरातल्या सगळ्यांना विचारून लिहून काढा. मुलांना सोबत घ्या. झालेल्या कामापुढं बरोबरची खूण त्यांनाच करू द्या.